सर्व्हरवरचे कंटेनर: डॉकर, पॉडमन, एलएक्ससी यांत नेमकं काय सुधारायला हवं?

दर्यावर्दी

लिनक्स सर्व्हरवर कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं ज्यात असतं तो वेगळा कप्पा) चालवणाऱ्यांसाठी हा धागा. डॉकर, पॉडमन, एलएक्ससी ही ते चालवणारी साधनं. डेबियन, उबुंटू, अल्मा, रॉकी, प्रॉक्समॉक्स, काहीही असो. या सॉफ्टवेअरमध्ये आता काय सुधारलं पाहिजे आणि ते सुधारेपर्यंत आपण काय करायचं, एवढंच इथे बोलू.

माझं मत आधी मांडतो. डॉकर मार्च २०१३ मध्ये आलं. तेव्हापासून सोयी वाढतच गेल्या, त्यांची तक्रार नाही. दुखणं आहे ते मूळ सेटिंगचं, म्हणजे आपण काहीच न लिहिता जे लागू होतं त्याचं. नवखा माणूस कुठलीशी कमांड चिकटवतो, सर्व्हिस चालू होते, आणि काय चुकलं ते डिस्क भरल्यावर कळतं. डॉकरची दोन उदाहरणं देतो.

पहिलं लॉगचं. डॉकरचा मूळ लॉग ड्रायव्हर 'जेसन-फाइल' आहे आणि त्याला आकाराची कुठलीच मर्यादा नाही. कंटेनर जे काही आउटपुटवर ओतेल ते एकाच फाइलीत साठत राहतं. डॉकरच्या डीमनचं, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, सेटिंग 'डीमन डॉट जेसन' फाइलीत असतं. तिथे ड्रायव्हर बदलून 'लोकल' करा. त्याला काही न सांगताही तो २० एमबीच्या ५ फायली ठेवतो, म्हणजे एका कंटेनरला साधारण १०० एमबी, आणि जुन्या फायली कॉम्प्रेस करतो. 'जेसन-फाइल'च हवा असेल तर 'मॅक्स-साइज' १० एम आणि 'मॅक्स-फाइल' ३ द्या. इथे ३ हा आकडासुद्धा अवतरणचिन्हांत लिहायचा, नाहीतर डीमन सुरूच होत नाही. बदल फक्त नव्याने तयार होणाऱ्या कंटेनरना लागू होतो. नुसता डीमन रीस्टार्ट करून काही होत नाही. कंपोजला (एका फाइलीवरून अनेक कंटेनर चालवणारं डॉकरचं साधन) 'फोर्स-रीक्रिएट' देऊन कंटेनर पुन्हा घडवावे लागतात. डिस्क आत्ताच भरलेली असेल तर लॉगची फाइल डिलीट करू नका. डीमनने ती उघडी धरलेली असते, त्यामुळे नाव जातं पण जागा सुटत नाही. 'ट्रंकेट' कमांडने तिचा आकार शून्य करा.

दुसरं पोर्टचं. कंपोजच्या फाइलीत '५४३२:५४३२' (डावा सर्व्हरचा पोर्ट, उजवा कंटेनरचा; हा पोस्टग्रेस डेटाबेसचा) लिहिलं की तो पोर्ट सर्व्हरच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो, इंटरनेटकडे तोंड असलेल्या पत्त्यावरसुद्धा. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये 'सगळं बंद' असा नियम असला तरीही. यूएफडब्ल्यूचे नियम 'इनपुट' साखळीत बसतात. डॉकर त्याआधीच 'प्रीराउटिंग'मध्ये पॅकेटचा पत्ता बदलून ते कंटेनरकडे वळवतो. मग ते पॅकेट 'फॉरवर्ड' साखळीतून जातं, 'इनपुट'पर्यंत येतच नाही. यूएफडब्ल्यू चुकीचं काही करत नाही, पण मालकाला वाटतं दार बंद आहे आणि डेटाबेस उघडा असतो. '१२७.०.०.१:५४३२:५४३२' असं लिहा, मग पोर्ट सर्व्हरच्या आतूनच उघडा राहतो. आणि दोन कंटेनरनी फक्त एकमेकांशी बोलायचं असेल तर 'पोर्ट्स' ओळच नको, एका नेटवर्कमध्ये ते नावाने एकमेकांना सापडतात.

या दोन्ही गोष्टी मुळातच सुरक्षित असायला हव्यात. माणूस विसरेल हे गृहीत धरून सॉफ्टवेअर लिहायला हवं.

कळसूबाई

लॉगबद्दल पूर्ण सहमत. पोर्टबद्दल थोडी भर घालते, कारण इथे अर्धवट उपाय खूप फिरतात.

'डीमन डॉट जेसन'मध्ये 'आयपी' या नावाखाली १२७.०.०.१ टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो फक्त डॉकरच्या मूळ ब्रिजला, म्हणजे आपोआप मिळणाऱ्या नेटवर्कला, लागतो. कंपोज प्रत्येक प्रोजेक्टसाठी स्वतःचं नेटवर्क बनवतो, तिथे हा नियम पोचत नाही. त्यासाठी 'डिफॉल्ट-नेटवर्क-ऑप्ट्स'खाली ब्रिजचा 'होस्ट-बाइंडिंग-आयपीव्ही४' द्यावा लागतो, आणि तोही नव्या नेटवर्कलाच लागतो. जुनी नेटवर्क पाडून पुन्हा उभी करा.

पोर्ट बाहेर उघडायचाच आहे पण ठरावीक पत्त्यांनाच, तर नियम 'डॉकर-यूझर' साखळीत घाला. डॉकर आपल्या नियमांआधी ती साखळी तपासतो. तिथे एक ठरलेली चूक होते: पॅकेट तिथे येईपर्यंत पोर्ट बदललेला असतो. बाहेरचा ८०८० आणि कंटेनरचा ८० असेल तर ८०८० लिहिलेला नियम कधीच जुळणार नाही. मूळ पोर्टवर नियम हवा असेल तर कॉनट्रॅकचं (जोडण्यांची नोंद ठेवणारा कर्नलचा भाग) 'सीटीओरिगडीएसटीपोर्ट' वापरा. बाहेरून दुसऱ्या मशीनवरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) मारून खात्री करा; त्याच सर्व्हरवरून तपासलेलं काही खरं नसतं.

"मूळ सेटिंगच बदला" याला माझा अर्धा विरोध आहे. पोर्टची मूळ वागणूक एका रात्रीत बदलली तर लाखो चालू सेटअप अपडेटनंतर गप्प होतील. तरी रस्ता आहे. डॉकर २८ ने फेब्रुवारी २०२५ मध्ये असाच एक बदल केला. पूर्वी त्याच लॅनमधलं दुसरं मशीन थेट रूट टाकून कंटेनरच्या न उघडलेल्या पोर्टपर्यंत पोचू शकत असे. ते बंद केलं आणि ज्यांना जुनं वागणं हवं त्यांच्यासाठी वेगळं सेटिंग ठेवलं. लॉगच्या मर्यादेबाबत हेच करायला काहीच हरकत नाही. त्याने कोणाचा सेटअप बंद पडणार नाही, फार तर जुन्या ओळी जातील.

तिफण

पोर्टच्या दुखण्यावर रूटलेस, म्हणजे रूटचे अधिकार न घेता चालणारं, पॉडमन हे बरंचसं उत्तर आहे. तिथे पोर्ट साध्या युझरची एक प्रोसेस ऐकत असते, त्यामुळे येणारं पॅकेट नेहमीच्या 'इनपुट' साखळीतून जातं आणि यूएफडब्ल्यू किंवा फायरवॉलडी जे म्हणेल तेच होतं. शिवाय 'डॉकर' ग्रुपमध्ये घातलेला प्रत्येक युझर हा व्यवहारात रूटच असतो. तो प्रश्नही इथे उरत नाही.

पण रूटलेसचा रस्ताही खडबडीत आहे, आणि सुधारणेची खरी गरज तिथे दिसते. कुठे अडतं ते सांगतो.

८० आणि ४४३ पोर्ट साध्या युझरला मिळत नाहीत. सिसकंट्रोलमध्ये 'आयपी-अनप्रिव्हिलेज्ड-पोर्ट-स्टार्ट' ८० करावा लागतो. युझर लॉगआउट झाला की कंटेनरही थांबतात, म्हणून 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' हवंच. युझरचं होम एनएफएसवर असेल तर इमेजचं (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्याचं) स्टोरेज तिथे नीट चालत नाही, ते लोकल डिस्कवर हलवा. एलडॅपमधून येणाऱ्या युझरना 'सबयूआयडी'ची रांग (कंटेनरमधल्या युझरसाठी राखलेले क्रमांक) आपोआप मिळत नाही. हाताने ६५५३६ ची रांग द्या आणि नंतर 'पॉडमन सिस्टीम मायग्रेट' चालवा. ही दुसरी पायरी राहिली तर जुनीच रांग लागू राहते आणि माणूस गोंधळतो.

सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते फायलींच्या मालकीचे. कंटेनरमधला रूट म्हणजे बाहेर तुमचा युझर. कंटेनरमधला १ क्रमांक म्हणजे बाहेर रांगेतला पहिला, समजा १०००००. म्हणजे वेबसर्व्हरचा ३३ क्रमांक बाहेर १०००३२ दिसेल. अनप्रिव्हिलेज्ड एलएक्ससीत मात्र शून्यापासून सरळ मोजतात, तिथे तोच ३३ म्हणजे १०००३३. एलएक्ससीतून पॉडमनमध्ये डेटा जसाच्या तसा कॉपी केला की 'परमिशन डिनाइड' येतं ते या एका आकड्याच्या फरकाने. 'पॉडमन अनशेअर'मधून चोन (मालक बदलण्याची कमांड) चालवून ३३:३३ द्या, आकडेमोड तोच करतो. किंवा व्हॉल्यूमच्या (कंटेनरला जोडलेल्या फोल्डरच्या) ओळीशेवटी मोठा 'यू' लावा, पण लाखो फायलींच्या फोल्डरला नको, तिथे कंटेनर सुरू व्हायलाच फार वेळ लागतो. एसईलिनक्स (फायलींना लेबलं लावून प्रवेश आवरणारी सुरक्षा) असेल तर 'झेड' लेबलही लागतं. मोठा 'झेड' एकाच कंटेनरसाठी, छोटा अनेकांनी वाटून घेण्यासाठी. मोठा 'झेड' संपूर्ण होम फोल्डरला लावू नका, लेबलं बदलून एसएसएचच्या कीसुद्धा वाचता येईनाशा होतात.

माझी मागणी साधी आहे: 'परमिशन डिनाइड' एवढंच न सांगता पॉडमनने सांगावं की आतला क्रमांक अमुक, बाहेरचा अमुक, आणि फाइल तमुकच्या मालकीची आहे. ही माहिती त्याच्याकडे असते.

उंबरठा

तिफण, डॉकर कंपोज सोडून क्वाडलेट (पॉडमनचे कंटेनर सिस्टीमडीच्या, म्हणजे लिनक्सच्या सर्व्हिस-व्यवस्थापकाच्या, सर्व्हिस म्हणून चालवण्याची पद्धत) वापरावं असं सगळीकडे वाचायला मिळतं. डेबियन १२ वर फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवली, 'डीमन-रीलोड' केलं, तरी सर्व्हिस दिसतच नाही. चूकही दाखवत नाही. काय राहिलं असेल?

तिफण

तुमची फाइल बहुधा बरोबर आहे. क्वाडलेट पॉडमन ४.४ पासून आलं, आणि डेबियन १२ मध्ये पॉडमन ४.३.१ आहे. म्हणजे ती फाइल वाचणारं तिथे कोणीच नाही. उबुंटू २२.०४ मध्ये तर ३.४ आहे. उबुंटू २४.०४ मध्ये ४.९ आणि डेबियन १३ मध्ये ५.४ मिळतं. डेबियन १२ वरच राहायचं असेल तर 'पॉडमन जनरेट सिस्टीमडी' वापरून युनिट (सिस्टीमडीची सर्व्हिस-फाइल) तयार करा. ती कमांड आता जुनी ठरवली आहे पण चालते. अनोळखी रेपोतून नवं पॉडमन ओढू नका. सोबतचे नेटावार्क, क्रन, कॉनमॉन हे सगळे जुळावे लागतात आणि एखादा मागे राहिला की नेटवर्क उठत नाही.

नव्या आवृत्तीवर गेल्यावर पुढच्या अडचणी ठरलेल्या आहेत, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

साध्या युझरसाठी फायली होमखालच्या 'डॉट-कॉन्फिग, कंटेनर्स, सिस्टीमडी' या फोल्डरमध्ये, रूटसाठी ईटीसीखालच्या 'कंटेनर्स, सिस्टीमडी'मध्ये. 'सिस्टीमसीटीएल एनेबल' चालत नाही, "हे युनिट जनरेटेड आहे" असं उत्तर येतं. फाइलीतच 'इन्स्टॉल' विभाग लिहून 'वाँटेडबाय' द्यायचं. युझरच्या युनिटला तिथे 'डिफॉल्ट डॉट टार्गेट' लिहा. सवयीने 'मल्टी-यूझर' लिहिलं तर हाताने सुरू केल्यावर नीट चालतं आणि सर्व्हर रीबूट झाला की उठत नाही. ही चूक रीबूटपर्यंत लपून राहते, म्हणून सेटअप झाल्यावर एकदा मुद्दाम रीबूट कराच.

इमेज मोठी आणि लाइन हळू असेल तर पहिल्यांदा युनिट फेल होतं. सिस्टीमडी सुरू व्हायला ९० सेकंद देतो आणि इमेज ओढण्याचा वेळही त्यातच धरला जातो. 'सर्व्हिस' विभागात 'टाइमआउट-स्टार्ट-सेक' ९०० करा, नाहीतर आधी 'पॉडमन पुल'ने इमेज आणून ठेवा.

आणि चूक न दाखवण्याबद्दल: एखादी किल्ली त्या आवृत्तीला ओळखीची नसली तर क्वाडलेट ते युनिट बनवतच नाही, आणि कारण फक्त जर्नलमध्ये पडतं. लिबएक्झेकखालच्या पॉडमनच्या फोल्डरमध्ये 'क्वाडलेट' नावाचा प्रोग्रॅम असतो, तो 'ड्रायरन' आणि 'यूझर' देऊन चालवा. चुकलेली ओळ लगेच समोर येते. पॉडमन ५.६ मध्ये 'पॉडमन क्वाडलेट' अशी कमांड आली, त्यातून फायली टाकता, पाहता, काढता येतात. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून हवी होती.

पाणचक्की

मेमरीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

कंटेनर १३७ कोड देऊन मेला की लोक लगेच मेमरी वाढवतात. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे सिगकिल (लगेच मारण्याचा सिग्नल) मिळाला एवढंच. तो दोन वाटांनी मिळतो. एक, मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलने मारला. 'डॉकर इन्स्पेक्ट'मध्ये 'ओओएम-किल्ड' खरं दिसेल आणि कर्नलच्या लॉगमध्ये (डीमेसेज) ओळ असेल. दुसरं, 'स्टॉप' दिल्यावर १० सेकंदांत थांबला नाही म्हणून डॉकरनेच मारला.

दुसऱ्या कारणात मेमरी वाढवून काहीही साधत नाही. डॉकरफाइलमध्ये 'सीएमडी' चौकटी कंसांशिवाय लिहिलेली असते, त्यामुळे आत पहिली प्रोसेस शेल असते. तो सिगटर्म (थांबण्याची विनंती) पुढे पोचवत नाही. चौकटी कंसांत लिहा, किंवा शेल स्क्रिप्टच्या शेवटी 'एक्झेक' लावा. प्रोग्रॅम स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसना (मुलांना) आवरत नसेल तर 'इनिट' फ्लॅग द्या. डेटाबेसला कंपोजमध्ये 'स्टॉप-ग्रेस-पीरियड' निदान १ मिनिट ठेवा. १० सेकंदांत मोठ्या डेटाबेसचं चेकपॉइंट पूर्ण होईलच असं नाही, मग पुढच्या वेळी तो रिकव्हरी करत बसतो.

पहिल्या कारणात जावा असेल तर आधी जेडीकेची आवृत्ती पाहा. सीग्रुपची (मेमरीसारख्या मर्यादा लावणारी कर्नलची सोय) दुसरी आवृत्ती जेडीके १५ पासून कळते. जुन्या फांद्यांमध्ये ११.०.१६ आणि ८ अपडेट ३७२ पासून. त्याआधीचा जावा दुसऱ्या आवृत्तीच्या सर्व्हरवर कंटेनरची मर्यादा वाचतच नाही. ६४ जीबीचा सर्व्हर आणि २ जीबीचा कंटेनर असेल तर तो पूर्ण ६४ जीबी पाहून त्याच्या चौथ्या भागाएवढा हीप धरायला निघतो आणि मरतो. डेबियन ११, उबुंटू २२.०४ आणि आरएचईएल ९ यांत दुसरी आवृत्ती मूळचीच आहे, म्हणून सर्व्हर अपग्रेड केल्यावर न बदललेला कंटेनर अचानक मरायला लागतो. नव्या जेडीकेवर 'मॅक्स-रॅम-परसेंटेज' ७५ द्या, मूळचं २५ टक्के फार कमी पडतं.

रास्पबेरी पायवर आणखी वाईट. तिथल्या मूळ सेटिंगमध्ये मेमरीचा सीग्रुप बंदच असतो. 'सीएमडीलाइन डॉट टेक्स्ट'मध्ये 'सीग्रुप-एनेबल=मेमरी' घालून रीबूट करेपर्यंत मर्यादा लिहिली तरी ती टाकून दिली जाते. एक इशारा छापला जातो, तो बूटच्या लॉगमध्ये वाहून जातो आणि कंटेनर मर्यादेविना चालू राहतो. हे मला मान्य नाही. सांगितलेली मर्यादा लावता येत नसेल तर कंटेनर सुरूच होऊ नये.

सुधारणा म्हणून 'मेमरी डॉट हाय' डॉकरमध्ये सरळ मिळावी. कमाल मर्यादा ओलांडली की प्रोसेस मरते. 'हाय' ओलांडली तर तिचा वेग कमी होतो आणि कर्नल तिच्याकडून मेमरी परत मागतो, मरणाआधी आपल्याला कळायला वेळ मिळतो. पॉडमनमध्ये 'सीग्रुप-कॉन्फ' देऊन हे आजही करता येतं.

जास्वंद

पोस्टग्रेस कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांसाठी काही गोष्टी. यातल्या एकीत डेटा खरोखर बिघडतो.

हलकी आधी. कंटेनरला 'शेअर्ड मेमरी' ६४ एमबीच मिळते. मोठी क्वेरी समांतर चालली की "शेअर्ड मेमरी सेगमेंटचा आकार वाढवता आला नाही" असं येतं. डिस्क भरल्यासारखा संदेश असतो पण डिस्कचा संबंध नाही. 'एसएचएम-साइज' २५६ एमबी किंवा १ जीबी करा.

मग टॅग, म्हणजे इमेजच्या नावापुढची आवृत्तीची खूण. 'लेटेस्ट' ठेवला की एके दिवशी मोठी आवृत्ती बदलते आणि पोस्टग्रेस जुन्या फायली पाहून सुरू व्हायलाच नकार देतो. हे निदान लगेच दिसतं. १८ व्या आवृत्तीपासून अधिकृत इमेजमध्ये डेटाचा फोल्डरही बदलला. व्हॉल्यूम आता 'व्हार-लिब-पोस्टग्रेसक्यूएल' या वरच्या फोल्डरवर लावायचा, आतल्या 'डेटा'वर नाही. जुनीच ओळ ठेवून आकडा फक्त १८ केला तर चालणार नाही.

गंभीर गोष्ट यापुढची. '१६' असा टॅग लावला म्हणजे आपण सुरक्षित, असं नाही. तो पोस्टग्रेसची आवृत्ती धरून ठेवतो, खालचं डेबियन नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आल्यावर या इमेज बुकवर्मवरून (डेबियन १२) ट्रिक्सीवर (डेबियन १३) गेल्या, म्हणजे जीलिबसी ही सी लायब्ररी २.३६ वरून २.४१ वर. शब्दांचा क्रम ठरवण्याचे नियम (कोलेशन) जीलिबसीत असतात आणि मजकुराचे इंडेक्स त्याच क्रमाने रचलेले असतात. नियम बदलले आणि इंडेक्स जुनाच राहिला तर असलेली ओळ शोधात सापडत नाही, आणि 'युनिक' असलेल्या रकान्यात तेच नाव दुसऱ्यांदा शिरू शकतं. पोस्टग्रेस १५ पासून "कोलेशन व्हर्जन जुळत नाही" असा इशारा लॉगमध्ये येतो, पण काम थांबत नाही, म्हणून तो वाचला जात नाही.

टॅग '१६-बुकवर्म' असा पूर्ण लिहा. पुढे जाताना आधी 'पीजी-डंप', मग नवी इमेज, मग प्रत्येक डेटाबेसवर 'रीइंडेक्स डेटाबेस', आणि त्यानंतरच 'अल्टर डेटाबेस... रीफ्रेश कोलेशन व्हर्जन'. हा क्रम उलटा केला तर इशारा बंद होतो आणि बिघडलेला इंडेक्स तसाच राहतो.

आपल्याला मराठी नावं साठवताना आणखी एक पाहावं लागतं. अल्पाइन या छोट्या डिस्ट्रोवरच्या इमेजमध्ये जीलिबसीऐवजी मसल लायब्ररी असते आणि ती भाषेनुसार क्रम लावत नाही, युनिकोडच्या क्रमांकानेच लावते. त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. वर्णमालेत तो ह नंतर. मतदारयादी, ग्रंथालयाची सूची, हजेरीपट, जिथे जिथे यादी छापायची तिथे हे चुकलेलं दिसतं. पोस्टग्रेसमधलं आयसीयूचं (युनिकोडची वेगळी लायब्ररी) मराठी कोलेशन, 'एमआर-एक्स-आयसीयू', त्या रकान्याला लावा आणि ळ, क्ष, ज्ञ असलेली दहाबारा नावं घालून क्रम डोळ्यांनी तपासा. आयसीयूलाही आवृत्ती असतेच, इमेज बदलली की तिथेही रीइंडेक्स लागू शकतं.

मागणी: इमेजच्या आत खालची डिस्ट्रो बदलली की 'पुल' करतानाच ते ठळक दिसावं. आज टॅग तोच, नाव तेच, आणि पायाच बदललेला.

कळसूबाई

जास्वंद, हे वाचून आणखी किती जणांचे इंडेक्स वाचतील कोण जाणे. मनापासून आभार.

अल्पाइनचा विषय निघालाच आहे तर: टीझेड (टाइमझोन) म्हणून 'एशिया/कोलकाता' दिलं तरी तिथे वेळ यूटीसीच राहते, कारण 'टीझेडडेटा' पॅकेज इमेजमध्ये नसतं आणि त्याबद्दल काही संदेशही येत नाही. मध्यरात्री २ चा बॅकअप मग आपल्याकडे सकाळी साडेसातला धावतो, नेमका लोक कामाला लागतात तेव्हा. एपीकेने (अल्पाइनचं पॅकेज टाकण्याचं साधन) 'टीझेडडेटा' घाला. पॉडमनमध्ये 'टीझेड=लोकल' देता येतं, क्वाडलेटमध्ये 'टाइमझोन=लोकल'.

बोरघाट

प्रॉक्समॉक्सवाल्यांसाठी (एका सर्व्हरवर व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, आणि एलएक्ससी कंटेनर चालवणारी प्रणाली). एलएक्ससीच्या आत डॉकर चालवण्याची पद्धत फार पसरली आहे. 'नेस्टिंग' आणि 'कीसीटीएल' चालू केलं की चालतंही. पण प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा सल्ला व्हीएममध्ये चालवण्याचा आहे आणि त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रनसीत (डॉकरखाली कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणारा प्रोग्रॅम) सुरक्षेची दुरुस्ती आली, आणि एलएक्ससीतले डॉकर कंटेनर उठेनासे झाले. 'आयपी-अनप्रिव्हिलेज्ड-पोर्ट-स्टार्ट' उघडताना 'परमिशन डिनाइड' असा संदेश येत होता. रनसी फाइल उघडण्याची पद्धत बदलून बसला आणि बाहेरचं ॲपआर्मरचं (प्रोग्रॅमना काय करता येईल ते आवरणारी सुरक्षा) प्रोफाइल त्या पद्धतीला ओळखत नव्हतं. लोकांनी कंटेनरडी (रनसी ज्यासोबत येतो ते पॅकेज) मागच्या आवृत्तीवर नेलं किंवा ॲपआर्मर बंद केलं. दोन्हींचा अर्थ सुरक्षेची दुरुस्ती बाजूला ठेवणं किंवा भिंत काढणं असाच होतो. व्हीएममध्ये हा प्रश्नच आला नाही. छोट्या सर्व्हरवर एक डेबियनचा व्हीएम, २ कोर, ४ जीबी, आणि त्यात सगळे डॉकर कंटेनर, हे जास्त टिकतं.

झेडएफएस या फाइल सिस्टीमवर असाल तर 'डॉकर इन्फो'मध्ये स्टोरेज ड्रायव्हर बघा. ओपनझेडएफएस २.२ च्या आधी त्यावर ओव्हरले नीट चालत नसे, आणि डॉकर 'व्हीएफएस'वर उतरला असेल तर प्रत्येक लेअरची पूर्ण प्रत काढली जाते. काही जीबीच्या इमेज अनेक पटींनी जागा खातात.

प्रॉक्समॉक्स ९.१ मध्ये ओसीआय इमेजवरून (डॉकरसारख्या साधनांचा सामाईक इमेज-नमुना) थेट एलएक्ससी बनवता येतो. अजून ते प्राथमिक अवस्थेत आहे, पण दिशा मला पटते, मधला डॉकरच गळतो. इन्कस या तशाच दुसऱ्या साधनात हे ६.३ पासून आहे. डेबियन १३ मधलं इन्कस ६.० आहे, त्यात नाही.

उंबरठा

क्वाडलेटचं उलगडलं, डेबियन १३ वर चाललं. तिफण, आभारी आहे.

एक शेवटचं. घरच्या ब्रॉडबँडवरून इमेज ओढताना मध्येच 'टू मेनी रिक्वेस्ट्स' येतं. दिवसभरात चारपाच इमेजच ओढल्या असतील.

दर्यावर्दी

डॉकर हबने (इमेज जिथून येतात ती डॉकरची रजिस्ट्री) नोव्हेंबर २०२० पासून लॉगिन न करणाऱ्यांवर एका आयपीव्ही४ पत्त्याला ६ तासांत १०० पुल अशी मर्यादा आणली. आपल्याकडे बहुतेक घरगुती आणि मोबाइल जोडण्या सीजीनॅटमागे असतात, म्हणजे तो पत्ता तुमच्यासोबत शेकडो लोक वापरतात. तुमच्या चारपाच इमेज त्यात शेवटच्या ठरल्या.

मोफत खातं काढून 'डॉकर लॉगिन' करा, मग मोजणी खात्याची होते. पासवर्ड देऊ नका, फक्त वाचण्याची परवानगी असलेलं टोकन काढा. ते 'कॉन्फिग डॉट जेसन'मध्ये बेस६४ करून ठेवलं जातं, म्हणजे फाइल मिळाली की टोकन मिळालं.

सर्व्हर तीनचारपेक्षा जास्त असतील तर एकावर 'रजिस्ट्री'ची इमेज प्रॉक्सी म्हणून चालवा, 'रजिस्ट्री-प्रॉक्सी-रिमोट-यूआरएल'मध्ये हबचा पत्ता देऊन. एकदा आलेली इमेज बाकीच्यांना लॅनवरूनच मिळते. प्रॉक्सी केलेल्या रजिस्ट्रीत स्वतःच्या इमेज पुश होत नाहीत, त्यासाठी दुसरी उभी करा. डॉकरचं 'रजिस्ट्री-मिरर्स' फक्त हबसाठीच चालतं. क्वे किंवा जीएचसीआर या दुसऱ्या रजिस्ट्रींच्या इमेज तरीही बाहेरूनच येतील. पॉडमनच्या 'रजिस्ट्रीज डॉट कॉन्फ'मध्ये प्रत्येक रजिस्ट्रीला वेगळा मिरर लावता येतो. डॉकरमध्येही तसंच असावं ही मागणी यादीत जोडतो.

पाणचक्की

यादीत आणखी एक घ्या: 'हेल्थचेक' नापास झालं तरी डॉकर कंटेनर रीस्टार्ट करत नाही, नुसता 'अनहेल्दी' म्हणून बसून राहतो. 'रीस्टार्ट' धोरण प्रोसेस मेली तरच लागतं. स्वार्ममध्ये (अनेक सर्व्हर एकत्र चालवण्याची डॉकरची सोय) हे होतं, साध्या डॉकरमध्ये नाही. पॉडमनमध्ये 'हेल्थ-ऑन-फेल्युअर'ला 'किल' द्या आणि युनिटमध्ये 'रीस्टार्ट=ऑलवेज' ठेवा, मग सिस्टीमडी त्याला उठवतो.

तिफण

या मागण्या इथेच राहू नयेत, म्हणून कुठे लिहायच्या ते. डॉकरचं इंजिन मोबी या गिटहब रेपोत आहे, कंपोज वेगळ्या रेपोत. इंजिनची तक्रार कंपोजमध्ये टाकली तर ती हलवण्यातच आठवडे जातात. कंपोजशिवाय साध्या 'डॉकर रन'ने चूक दिसते का ते आधी पाहा. दिसली तर मोबी. पॉडमनमध्ये क्वाडलेट मूळ रेपोतच आहे, नेटवर्कच्या चुका नेटावार्ककडे, नावं न सापडण्याच्या चुका आर्डवार्क-डीएनएसकडे. डेबियनच्या पॅकेजमधली चूक असेल तर आधी 'रिपोर्टबग'ने डेबियनला कळवा, कारण मूळ प्रकल्प जुन्या आवृत्तीवरची तक्रार सहसा "नव्यावर तपासा" म्हणून परत पाठवतो.

तक्रारीत 'पॉडमन इन्फो' किंवा 'डॉकर इन्फो' पूर्ण द्या, कर्नलची आवृत्ती द्या, आणि अल्पाइनसारख्या छोट्या सार्वजनिक इमेजवर चूक उभी करणाऱ्या तीनचार कमांड द्या. चिकटवण्याआधी आयपी पत्ते, होस्टनेम आणि एन्व्हायर्नमेंटमधले पासवर्ड काढा. 'इन्स्पेक्ट'च्या आउटपुटमध्ये ते उघडे दिसतात.

पाणचक्की, मर्यादा लावता येत नसेल तर कंटेनर थांबवावा, ही मागणी मोबीत तुम्हीच मांडा. रास्पबेरी पायवरचा 'डॉकर इन्फो' आणि इशाऱ्याची ओळ जोडा. दर्यावर्दी, लॉगच्या मर्यादेचं तुम्ही लिहा. कळसूबाईंनी सुचवलंय तसं, जुनं वागणं हवं असणाऱ्यांसाठी वेगळं सेटिंग ठेवण्याचा प्रस्ताव त्यात असू दे. दोन्हींचे दुवे इथे टाका, म्हणजे बाकीच्यांना तिथे आपापल्या सेटअपची माहिती जोडता येईल.